चंदनाचा ठिपका आणि तीस मिलिअँपिअर

आश्विन शुद्ध नवमीच्या सकाळी चेन्नईत सगळीकडे धुणेपुसणे चाललेले असते. रिक्षाला झेंडूचा हार, टँकरच्या तोंडाशी केळीचे खुंट, शिंप्याच्या मशीनवर चंदनाचा ठिपका आणि त्यावर कुंकू. चुरमुरे, गूळ, डाळे यांचा प्रसाद दुकानादुकानातून फिरतो. कुंकवाने भरलेला पांढरा कोहळा रस्त्यावर फोडला जातो, आणि तुकडे रस्त्यात टाकू नका, दुचाक्या घसरतात, असे पोलिसांना सांगावे लागते. तमिळ घरांत या दिवसाला ‘आयुध पूजै’ म्हणतात. मराठी माणसाची ती खंडेनवमी. हत्यार म्हणजे तलवारच असली पाहिजे हा आग्रह दोन्हीकडे केव्हाच सुटला. ज्याच्या जिवावर पोट भरते ते हत्यार.

घरभर ठिपके लावत फिरणारा हात शेवटी मीटरच्या बोर्डापाशी येतो. जुन्या घरात तो दाराच्या वर किंवा जिन्याखाली असतो. लाकडी फळी, तिच्यावर चिनीमातीचे दोन-चार किटकॅट फ्यूज, शेजारी लोखंडी पेटीतला मेन स्विच, त्याचा दांडा वर-खाली करताना होणारा खडखडाट. बोर्ड आधी ओल्या फडक्याने पुसला जातो, मग चंदनात बुडवलेले बोट लोखंडावर टेकते. त्या पेटीची अर्थिंगची तार समुद्राच्या खाऱ्या हवेने गंजून तुटली असेल आणि आत एखाद्या वायरचे आवरण पत्र्याला लागून फाटले असेल, तर वर्षातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच असतो. पूजेचाच.

असे बोर्ड चेन्नईत अजून पुष्कळ आहेत, कारण ते चालतात. १९७० च्या दशकात तांब्याच्या टंचाईमुळे भारतभर घरांत अॅल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. अॅल्युमिनियम मऊ असते. स्क्रूखाली दाबले की वर्षानुवर्षे हळूहळू पसरते आणि जोड सैल होतो. सैल जोडाला अडथळा जास्त, म्हणून उष्णता जास्त. आणि प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. तेव्हाच्या घरात दोन पंखे, चार दिवे आणि रेडिओ होता. आज त्याच तारांवर एसी, गीझर, इंडक्शन शेगडी आणि वॉशिंग मशीन आहे. तार बांधून वापरायचा फ्यूज तसाही आळशी असतो. त्याच्यावर लिहिलेल्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट प्रवाह होईपर्यंत तो वितळत नाही. त्यात तो सारखा उडतो म्हणून कुणीतरी दोन पदरी किंवा जाड तांब्याची तार गुंडाळून ठेवलेली असते. फ्यूजचे काम वेळेवर मरण्याचे. ते त्याच्याकडून काढून घेतले की मरण घराच्या दुसऱ्या कुठल्यातरी भागावर येते.

म्हणून प्रश्न पडतो, आणि तो वायरमनइतकाच धर्मचिंतन करणाऱ्याचाही आहे. जीर्ण झालेल्या वस्तूवर चंदनाचा ठिपका लावतो तेव्हा माणूस नेमके काय करत असतो? तिची काळजी घेण्याचा शब्द देतो, की काळजी देवावर सोपवून मोकळा होतो? पूजा ही दुरुस्तीची सुरुवात आहे, की दुरुस्ती न करण्याची सोय?

उत्तराकडे जाताना दोन भाषांकडे पाहावे. वीज गेली की मराठी माणूस म्हणतो, ‘लाइट गेली.’ चेन्नईतला माणूस म्हणतो, ‘करंट पोच्चु’, करंट गेला. मराठीने डोळ्यांना दिसते ते धरले, तमिळने तारेतून वाहते ते. विजेच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबणे महागात पडते. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे असे समजावे, हे नैयायिकांचे अनुमानाचे आवडते उदाहरण. डोंगरावरच्या आगीला ते पुरते. भिंतीतल्या तारेचा धूर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. इथे अनुमान आधीच्या खुणांवरून करावे लागते: स्विचला हात लावल्यावर जाणवणारी ऊब, जळक्या प्लास्टिकचा वास, गीझर लावला की मंदावणारा दिवा, फ्रिजच्या दाराला जाणवणारी झिणझिणी. या खुणा पाहूनही ‘इतकी वर्षे काही झाले नाही’ म्हणणारा माणूस अज्ञानी नसतो. त्याने दैवावर भरवसा टाकलेला असतो.

आणि दैव हा या भूमीतला हलका शब्द नाही. तमिळमध्ये नशिबाला ‘तलैयेळुत्तु’ म्हणतात, म्हणजे डोक्यावरचे लिखाण. मराठी घरात सटवाई बाळाच्या कपाळी लिहून जाते, ती हीच समजूत. चेन्नईतल्या मैलापूरशी ज्याचे नाव परंपरेने जोडले आहे त्या तिरुवळ्ळुवराने या प्रश्नाला दोनदा हात घातला. त्याच्या ‘तिरुक्कुरळ’ ग्रंथाच्या ३८व्या अधिकारात, म्हणजे अध्यायात, तो दैवाबद्दल बोलतो आणि शेवटच्या, दहाव्या कुरळात, म्हणजे द्विपदीत, विचारतो की दैवाहून बलवान काय आहे. दुसरी युक्ती योजावी, तर दैव तिच्याही पुढे येऊन उभे राहते. ६२वा अधिकार प्रयत्नाचा. तिथला दहावा कुरळ सांगतो की न थकता झटणारे दैवालाही पाठ दाखवायला लावतात. १९७६ साली उभ्या राहिलेल्या वळ्ळुवर कोट्टममध्ये १३३० कुरळ दगडात कोरले आहेत, त्यांत हे दोन्ही आहेत. वळ्ळुवराने एक खोडून दुसरा लिहिला नाही. योगवासिष्ठ याहून पुढे जाते आणि दैव म्हणजे पूर्वी केलेल्या प्रयत्नांचेच फळ, वेगळे काही नाही, असे बजावते. रामदासांचा प्रयत्नवाद मराठी वाचकाला सांगायला नको. त्यांच्या संप्रदायाचे मठ भोसल्यांच्या काळात तंजावरपर्यंत पोचले, आणि तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे आजही चेन्नईत आहेत.

वळ्ळुवराचे दोन कुरळ एकत्र कसे नांदतात, हे समजायला मीटर पुरतो. चेन्नईत वीज मंडळाला सगळे अजून ‘ईबी’ म्हणतात, मंडळाची नावे कितीही बदलली तरी. ईबीची जबाबदारी मीटरपर्यंत. मीटरनंतरची तार, फ्यूज, स्विच, अर्थिंग हे सगळे घरमालकाचे. डिसेंबर २०१५ च्या पुरात घराघरांत पाणी शिरले, पुढच्याच डिसेंबरात वरदा वादळाने खांब आडवे केले, २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग आले. यातले काहीही कुणा गृहस्थाच्या हातात नव्हते. तो दैवाचा प्रदेश, ३८वा अधिकार. मीटरच्या अलीकडे घरात येणारी तार मात्र ६२व्यात येते. माणसे हा हिशेब उलटा करतात, वादळाबद्दल सरकारला जाब विचारतात आणि स्वतःच्या बोर्डाबद्दल कपाळाकडे बोट दाखवतात.

पण ‘प्रयत्न करा’ एवढ्यावर पूजेचा प्रश्न सुटत नाही. चंदनाचा ठिपका लावणाऱ्याला दुरुस्ती म्हणजे देवाच्या कामात ढवळाढवळ वाटत असेल, तर त्याचे उत्तर देवळातच शोधले पाहिजे. तमिळ देवळांत साधारण बारा वर्षांनी कुंभाभिषेक करण्याची प्रथा आहे. मैलापूरच्या कपालीश्वराचा गेला कुंभाभिषेक एप्रिल २०१६ मध्ये झाला. तेव्हा काय करतात? देवाची शक्ती मंत्रांनी पाण्याच्या कुंभात उतरवून घेतात. तात्पुरते छोटे देऊळ मांडतात, त्याला बालालय म्हणतात, आणि नित्याची पूजा तिथे चालू राहते. मग गाभारा, त्यावरचे विमान, गोपुर कारागिरांच्या ताब्यात. तडे बुजवले जातात, झिजलेले बदलले जाते, नवे रंग चढतात. काम पुरे झाल्यावर शक्ती परत मूळ जागी. शक्ती काढून घेण्याच्या विधीचे नाव कलाकर्षण, आणि ते मराठी भक्तांनाही अनोळखी नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीचे २०१५ साली रासायनिक संवर्धन झाले तेव्हा हाच विधी झाला होता. ‘मयमत’ या दक्षिणेतल्या जुन्या वास्तुग्रंथात डागडुजी आणि जीर्णोद्धारासाठी स्वतंत्र अध्याय आहे. खंडित मूर्ती पुजू नये, हे तर मराठी घरातली आजीही सांगते.

म्हणजे ज्या परंपरेने बोर्डाला ठिपका लावायला शिकवले, तिनेच जीर्ण झालेले बदलायलाही शिकवले आहे, आणि बदलण्याला पूजेइतकाच मान दिला आहे. दगडाची मूर्तीसुद्धा जिथे झिजते असे धरून चालतात, तिथे चिनीमातीचा फ्यूज चिरंजीव कसा ठरेल? आयुधपूजेचा ठिपका खरा असेल तर त्याच्या पोटात जीर्णोद्धाराचे कर्ज आहे.

बोर्ड बदलण्याचा दिवस कलाकर्षणाच्या क्रमाने जातो, हे शोभेसाठी म्हटलेले नाही. पहिले काम शक्ती काढून घेण्याचे. मीटरच्या सीलला घरच्या माणसाने हात लावायचा नसतो. ईबीच्या कचेरीत सांगून पुरवठा रीतसर बंद करून घ्यायचा असतो. वाढलेला लोड मंजूर करून घ्यायचा असेल तर अर्जही तिथेच. लायसन असलेला वायरमन मग टेस्टरने आणि मल्टिमीटरने प्रत्येक तार मेली आहे ना हे पाहतो. चेन्नईत इथे एक खास फसगत असते. २००८ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत घरोघर इन्व्हर्टर आले. ईबीचा पुरवठा तोडला तरी इन्व्हर्टर आपले काम इमानाने करतो आणि अर्ध्या तारा जिवंतच राहतात. शक्ती उतरली असे समजून छिन्नी चालवावी आणि ती उतरलेलीच नसावी, तशी ही गत. इन्व्हर्टर आधी बंद केल्याशिवाय जाणता वायरमन स्क्रूला हात लावत नाही.

मग जुनी फळी उतरते. तिच्यामागे भिंतीवर काजळीचा डाग निघाला तर घरातले सगळे येऊन तो पाहून जातात. नव्या डीबीत, म्हणजे वितरण-पेटीत, आयसोलेटर, आरसीसीबी आणि ओळीने एमसीबी बसतात: दिव्या-पंख्यांना सहा अँपिअरची, गीझर-एसीला सोळा किंवा वीसची, ज्या तारेला जेवढे झेपते तेवढीच. जर्मनीतल्या मानहाइम इथे ह्यूगो स्टोट्झ यांच्या कारखान्यात १९२४ च्या सुमारास एमसीबी या छोट्या स्वयंचलित स्विचचे पेटंट घेतले गेले. फ्यूज एकदाच मरतो, एमसीबी पुन्हा उठते. अंगणात अर्थिंगचा खड्डा होतो. त्यात नळी उभी करून भोवती कोळसा आणि मीठ घालतात, वरून पाणी ओततात, आणि ही जमीन ओलसर राहावी म्हणून उन्हाळ्यात पाणी घालत राहावे लागते. चुकार वीज शेवटी भूमीच्या पदरात जावी, माणसाच्या अंगातून जाऊ नये, यासाठी हा खटाटोप.

या डब्यातली सर्वांत विचार करायला लावणारी वस्तू मात्र आरसीसीबी. एमसीबी तारेला वाचवते, माणसाला नाही. शॉक बसणाऱ्या माणसातून जाणारा प्रवाह तिच्या दृष्टीने किरकोळ असतो. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅल्झील यांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून पाहिले की किती प्रवाहापर्यंत माणूस पकडलेली तार स्वतः सोडू शकतो. पुरुषांची सरासरी सुमारे १६ मिलिअँपिअर निघाली, स्त्रियांची साडेदहा. त्यापुढे स्नायू आखडतात आणि मूठ उघडत नाही. घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपिअरला तुटते, तेही सेकंदाच्या एका तुकड्यात. नऊ वॉटच्या एलईडी दिव्यालाही यापेक्षा जास्त प्रवाह लागतो. माणसाचा प्राण एवढ्याशा फरकावर टांगलेला आहे.

ती काम करते ते हिशेबाने. फेजमधून जेवढे गेले तेवढे न्यूट्रलमधून परत आले पाहिजे. कमी आले तर कुठेतरी गळते आहे, भिंतीत, पाण्यात किंवा कुणाच्या तरी शरीरात. मग ती क्षणही न दवडता सगळे थांबवते. चेन्नईहून दोन तासांवर कांचीपुरमला चित्रगुप्ताचे देऊळ आहे, देशात विरळ अशांपैकी एक. जमाखर्च लिहिणाऱ्या त्या देवाची माणसाला भीती वाटते, कारण त्याचा हिशेब मेल्यावर उघडतो. आरसीसीबीचा हिशेब सतत उघडा असतो, आणि माणूस जगावा म्हणून असतो. तिलाही मर्यादा आहे: एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरला तर जाणे-येणे सारखेच दिसते आणि ती गप्प राहते. पूर्ण रक्षण करणारे यंत्र अजून झालेले नाही.

प्रश्न एकट्या घराचा असता तर ‘माझा जीव, माझे नशीब’ हे म्हणणे निदान ऐकून घेता आले असते. पण बोर्डासमोर एकटे कुणीच नसते. भांडी घासायला येणारी बाई ओल्या हाताने मोटारचा स्विच लावते. भाड्याच्या खोलीत बोर्ड घरमालकाचा असतो आणि ठिपका भाडेकरू लावतो. बदलण्याचा अधिकार एकाकडे, भीती दुसऱ्याकडे. अशा भाडेकरूच्या पूजेला अंधश्रद्धा म्हणणे क्रूरपणाचे आहे, कारण त्याच्या हातात तेवढेच उरलेले असते. जाब विचारायचा तो ज्याच्या हाती दुरुस्ती आहे त्याला. अपार्टमेंटमध्ये जिन्याखालचे सामाईक पॅनेल सर्वांचे, म्हणून कुणाचेच नाही. सभेत रंगाचा खर्च मंजूर होतो आणि पॅनेल पुढच्या वर्षावर जाते. त्या पॅनेलमधला एक न्यूट्रल सैल होऊन तुटला, तर तीन फेजांचा तोल जातो आणि ज्याचा काही दोष नाही अशा शेजाऱ्याच्या घरात २३० व्होल्टच्या जागी चारशेच्या जवळ दाब जाऊ शकतो. त्याचा फ्रिज, टीव्ही, कदाचित घरही, दुसऱ्यांच्या चालढकलीत जळते.

भारतात विजेच्या धक्क्याने वर्षाला बारा हजारांहून अधिक माणसे मरतात, असे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल सांगतात. १ नोव्हेंबर २०१७ ला उत्तर चेन्नईतल्या कोडुंगैयूरमध्ये पावसाचे पाणी साचलेल्या रस्त्यावर जिवंत तारेवर पाय पडून दोन लहान मुली गेल्या. २७ एप्रिल २०२२ च्या पहाटे तंजावरजवळ कळिमेडू गावात संत अप्पर यांच्या उत्सवाचा रथ वरून जाणाऱ्या उच्च दाबाच्या तारेला लागला आणि ११ जण मरण पावले. त्यांत मुले होती. रस्ता नव्याने करताना उंच झाला होता, असे तेव्हा बातम्यांत आले. रथ तोच, भक्ती तीच, तारही तीच. वाढली ती जमीन. तंजावरच्याच बृहदीश्वराच्या देवळात जून १९९७ मध्ये कुंभाभिषेकाच्या वेळी यागशाळेच्या मांडवाला आग लागून चाळीसहून अधिक माणसे गेली. त्या देवळाचा पुढचा कुंभाभिषेक झाला तो ५ फेब्रुवारी २०२० ला. देवाचे काम चालले आहे म्हणून विस्तव किंवा वीज आपला स्वभाव सोडत नाही. अग्नीला देव म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये, कारण त्याला देव म्हटले ते त्याचा स्वभाव बदलत नाही हे ओळखूनच.

नवा डबा लागला की पुढच्या नवमीला ठिपका कुठे लावायचा, असा प्रश्न घरात निघतो. जुन्या बोर्डावर पाच फ्यूज होते, पाच ठिपके लागत. वायरमन समोर असेल तर तो आधी झाकण उघडून आरसीसीबीवरचे ‘टी’ लिहिलेले छोटे बटण दाबतो. खट् असा आवाज होतो, पंखा मंदावत थांबतो, घर क्षणभर गप्प होते. दांडा वर केला की पंखा फिरू लागतो. हे बटण वर्षातून एकदा दाबून भागत नाही. आतली यंत्रणा जखडू नये म्हणून ते ठरावीक दिवसांनी दाबायचे असते, आणि रोज पान फाडायचे कॅलेंडर बहुतेक घरांत बोर्डाच्या शेजारीच टांगलेले असते. त्यातल्या दर पौर्णिमेच्या पानावर पेनने एक ‘टी’ लिहून ठेवला जातो. मग फडके कोरडे करून झाकण पुसतात, हात पुसतात, आणि चंदनाचा एकच ठिपका लागतो, बंद झाकणावर, बाहेरून.